बाईसाहेब फुलत नाहीत

१४ ऑक्टोबर

आज वही आणली. घरात एकट्यानं राहणारा माणूस मोठ्यानं बोलायला लागतो असं ऐकलं होतं. काल दूध उतू गेलं आणि मी पातेल्याला यथेच्छ झापलं. आवाज चांगला खणखणीत निघाला. मग माझी मलाच लाज वाटली. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

धाकटी जाऊन महिना होत आला. लग्न करून गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी. आई-वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. माझ्या हाताखाली वाढली आणि माझ्याच हाताखाली काम शिकली. घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघं दातांच्या कवळ्या बनवायचो. ती मेणाच्या हिरड्या घडवायची, मी त्यांत दात बसवायचो. मग एक दिवस आमचा छोटा तराजू बिघडला. तो दुरुस्त करायला एक माणूस आला आणि तराजूबरोबर बहीणही घेऊन गेला. तराजू तेवढा परत आणून दिला, हे कबूल केलं पाहिजे.

आज तिच्या नावाचं पार्सल आलं. खोक्यात भुसा आणि भुशात मुळ्या. फोन केला.

"अगं बाई, आलं का ते! मी विसरूनच गेले होते. लाल फुलांची झाडं आहेत ती, दादा. काटक असतात. एकदा लावली की दरवर्षी आपली आपण उगवतात."

"पाठवून देऊ तुझ्याकडे?"

"इथे माती कुठे आहे? गच्ची आहे नुसती. तूच लाव ना मागच्या अंगणात. जन्मभर हिरड्यांचा गुलाबी रंग बघितला, म्हटलं डोळ्यांसमोर एकदा लालभडक काहीतरी येऊ दे."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"लाव रे. फुललं की येईन बघायला."

फुललं की येईन. मी नीट ऐकलं.

१७ ऑक्टोबर

मुळ्या लावल्या. कंबर धरली आहे. तीन जाती आहेत आणि खोक्यावर छापलेली नावं उच्चारताना माझीच कवळी निखळेल अशी आहेत, म्हणून मी आपली नावं ठेवली. एका जातीची फुलं चित्रात विस्कटलेल्या केसांसारखी दिसतात, ती झिपऱ्या. दुसरीची लहान आणि टवटवीत, ती चिमणी. तिसरी पिओनी. तिची मुळी रताळ्याएवढी जाड, वर लालसर डोळे आणि एकूण थाट असा की जागा पसंत आहे की नाही ते नंतर कळवू. तिला बाईसाहेब म्हणतो. धाकटीला खरी हौस हिचीच. थाळीएवढं फूल येतं म्हणे.

पलीकडचे मास्तर कुंपणावरून बघत होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता घरी असतात. त्यांची वरची कवळी मी केलेली आहे, त्यामुळे ते हसले की मी आधी माझं काम तपासतो.

"कवळीवाले, विहीर खणताय का?" म्हणाले.

खड्डा खोलच घेतला आहे. इथली थंडी मला ठाऊक आहे. वरवर लावून मुळी गारठून मेली तर धाकटीला काय तोंड दाखवू?

३ नोव्हेंबर

सकाळी गवत पांढरं झालं होतं. बाईसाहेबांवर आणखी दोन घमेली माती चढवली, वर पालापाचोळा, त्यावर धाकटीची जुनी दुलई. तिनं नेली नाही ती. म्हणाली होती की तिकडे इतकं पांघरूण लागत नाही. लहानपणीही ती रात्री दुलई लाथेनं उडवून द्यायची आणि मी उठून पुन्हा घालायचो. म्हातारी होत आली तरी मी घालतच होतो.

२१ नोव्हेंबर

धाकटीचा फोन. मफलर वापरतेस का विचारलं, तर हसली.

"दादा, मी रविवारी येऊ का? सहज. संध्याकाळी परत जाईन."

"आत्ता येऊन काय बघणार? नुसती माती आहे. फुलं येऊ दे, मग निवांत ये."

मग म्हणाली, "बरं."

बरोबर केलं मी. ओक्याबोक्या अंगणात तिला आणून काय उपयोग? एकदा सगळं लाल झालेलं बघितलं की तिला आपलं घर आठवेल. आठवलं की ती राहील. मनातलं इथे लिहायला हरकत नाही: ती राहावी म्हणूनच हे सगळं चाललं आहे. तिची खोली मी रोज झाडतो.

१९ डिसेंबर

काही नाही.

८ जानेवारी

आज दिवसभरात एकच माणूस माझ्याशी बोलला. मीटर बघायला आलेला. "पाय पुसू का?" एवढं म्हणाला. मी चहा विचारला, पण त्याला पुढची घरं होती.

काम धाकटी गेली तेव्हाच बंद केलं. दिवा, कोरण्या, मेणाच्या पाट्या, सगळं जागच्या जागी आहे. तिची खुर्चीही. पूर्वी कामात आमचं फारसं बोलणं नसायचं. दुपार दुपार गप्प बसायचो. तेव्हा ती शांतता कधी ऐकू आली नाही. आता ऐकू येते.

२ फेब्रुवारी

धाकटी म्हणते, चार दिवस इकडे ये. तिकडची एक खोली रिकामी आहे, तिच्यात दिवसभर ऊन असतं. तिच्या नवऱ्यानंही मागून हाक मारून सांगितलं, "दादांना म्हणावं, याच!"

हे तिसऱ्यांदा. एवढ्या वेळा बोलावते आहे त्या अर्थी तिला तिकडे करमत नसणार. तसं बोलून दाखवायची नाही ती, मानी आहे. मी म्हटलं, बाईसाहेबांना टाकून कसा येऊ?

"दादा, थंडीत त्या झोपलेल्या असतात. त्यांना काही लागत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मीच मागवल्या होत्या ना?"

तरी नको म्हटलं. मी तिकडे जाऊन बसलो तर ती इकडे कशाला येईल?

१६ मार्च

उगवलं! चिमणीनं आधी डोकं काढलं, मग झिपऱ्यानं. बाईसाहेब शेवटी आल्या. गडद लाल कोंब, बंद मुठीसारखे. मास्तरांना हाका मारल्या. ते पायजम्यावरच आले. दोघं उकिडवे बसून बघत राहिलो आणि मग उठायला एकमेकांना हात द्यावा लागला.

धाकटीला फोन केला. ती बाजारात होती, मागे गोंगाट होता. "अय्या! छान!" म्हणाली आणि "थांब हं, नंतर करते." नंतर विसरली असावी.

२० एप्रिल

चिमणीला कळ्या. झिपऱ्या नुसता वाढतो आहे, त्याची फुलं उशिरा येतात म्हणे. बाईसाहेबांची पानं चकचकीत, आडवा विस्तार भरपूर. कळी एकही नाही. वाट बघतो आहे. घाई करणारा मी नव्हे.

१८ मे

चिमण्या फुलल्या, लालचुटूक. धाकटीला सांगितलं. "आणि ते मोठं?" तिनं विचारलं. म्हटलं, येईल.

बाईसाहेब ढिम्म.

२४ मे

रोपवाटिकेत जाऊन आलो. तिथली बाई तोंडाळ आहे, पण दात स्वतःचे आणि उत्तम.

"किती खोल लावलंय?"

मी हात कोपरापर्यंत दाखवला.

"अहो काका, पिओनी आहे ती, मढं नाही! डोळे मातीच्या अगदी वरच्या थरात हवेत. दोन बोटं खाली, फार तर तीन."

"थंडीत गारठली असती."

"गारठायलाच हवी. थंडी लागल्याशिवाय ती फुलत नाही. वर काही घातलं होतं का?"

दुलईचं मी सांगितलं नाही.

आता हलवू नका म्हणाली. पानगळीत काढून वर लावा आणि मग दोन वर्षं तरी फुलाचं नाव काढू नका. रोप धडधाकट आहे, मरणार नाही, पण या खोलीवरून फूल द्यायचं नाही.

घरी येताना दोन थांबे पुढे गेलो आणि चालत मागे आलो. काळजीच घेतली होती मी. दुसरं काय केलं? काळजी घेऊन असं व्हावं, याचा राग येतो. दोन वर्षं! तोवर ती तिकडचीच होऊन जाईल.

३ जून

भलतंच करून बसलो. धाकटीचा फोन आला. "दादा, मोठं फुललं का रे?"

"फुललं," मी म्हणालो. कसं निघून गेलं तोंडातून, देव जाणे.

"खरंच? केवढं?"

"थाळीएवढं."

"मी रविवारी येते," ती म्हणाली. इतक्या आनंदानं म्हणाली की माझ्याच्यानं शब्द मागे घेववेना.

४ जून

रोपवाटिकेत गेलो. पिओनीचा हंगाम संपला, झाडावरची फुलं झडली. दुकानांत फुलं आहेत ती फिकट गुलाबी. ती लावली तर बरी चेष्टा होईल.

फोन करून खरं सांगावं म्हणून दोनदा उचलला आणि ठेवला. खरं सांगितलं की ती म्हणणार, "असू दे रे, पुढच्या वर्षी." आणि पुढचं वर्ष असंच जाणार.

दुपारी पुढच्या खोलीत नुसता बसलो होतो. समोर मेणाच्या पाट्या होत्या.

६ जून

हिरड्यांच्या मेणाला लाल चढवायला सकाळ गेली. रंग बसल्यावर दिवा लावला. पाटी धगीवर धरायची, लवचीक झाली की कापायची, अंगठ्यानं वाटी करायची आणि गार व्हायच्या आत कड दुमडायची. नऊ महिन्यांनी हात चालले आणि बरं वाटलं. कडा फार पातळ केल्या की तडकतात. ते काम धाकटीचं. माझ्या हातून तडकत होत्या, म्हणून पुन्हा पुन्हा केल्या.

फूल झालं. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण झालं. थाळीएवढं नाही, बशीएवढं. उद्या संध्याकाळी तारेनं बांधतो.

८ जून, रविवार

आली. मागच्या फाटकानं आली आणि लांबूनच बघत उभी राहिली. मी धावलो. म्हटलं, फार जवळ जाऊ नको, पाकळ्या नाजूक असतात.

"नाही जात," ती म्हणाली. "किती सुंदर आहे रे, दादा."

मला धास्ती होती की वास घ्यायला वाकेल. वाकली नाही. मग म्हणाली, चहा इथेच घेऊ, अंगणात. पिशवीतून छत्री काढून उघडली आणि खुर्ची ओढून बाईसाहेबांच्या अगदी शेजारी बसली. म्हणे ऊन लागतं. पूर्वी भर दुपारी बिनटोपीची हिंडायची, आता तिकडे जाऊन नाजूक झाली आहे. बरं, छत्री तरी नीट धरावी! इतकी तिरकी की तिचं स्वतःचं तोंड उन्हात. मी सांगितलं, तर म्हणाली, "असू दे. मला अशीच बरी वाटते." जेवण आत वाढलं होतं, तर ताट बाहेर मागितलं. डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातानं जेवण. सासरी जरा विक्षिप्तच झाली आहे.

माझा जीव सगळा वेळ टांगणीला लागला होता. ऊन रणरणत होतं, मेण कधी माना टाकील याचा नेम नव्हता. पण दैव चांगलं. एकही पाकळी वाकली नाही.

बोलली पुष्कळ. तराजूवाल्याला पोहायला शिकवते आहे. तीही तिकडे जाऊनच शिकली. मला हे ठाऊकच नव्हतं. पाण्याजवळ मी तिला कधी जाऊ दिलं नाही.

चार वाजता खोली बघायला आत गेली. दारात थांबली.

"दादा, गादी उन्हात घातली होतीस का?"

"सवयीनं."

"मी संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहे रे."

"हो, हो. मी कुठे काय म्हटलं?"

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "मी तिकडे बरी आहे, दादा. खरंच बरी आहे." एखाद्या आजारी माणसाला सांगावं तसं सांगितलं. मग छत्री घेऊन पुन्हा बाहेर जाऊन बसली. ऊन उतरेपर्यंत हलली नाही.

निघताना कुंपणापाशी मास्तरांशी काहीतरी बोलत होती. मी पाणी आणायला आत होतो.

तिला फुलाचं काहीच कळलं नाही. फसली. मला आनंद व्हायला हवा होता.

९ जून

गादी गुंडाळून ठेवली. खोली आज झाडली नाही.

१२ जून

दुपारी पडलो होतो. डोळा लागेना, म्हणून उठून मागच्या दारात आलो. मास्तर कुंपणापलीकडे स्टुलावर उभे. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बांधलेली छत्री आणि छत्रीची सावली बरोबर बाईसाहेबांच्या फुलावर. घामानं निथळत होते. मला बघून इतके दचकले की स्टूल डगमगलं.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"काही नाही. हे... आपलं व्यायाम."

छत्री ओळखीची होती. धाकटीची. मी ती बघतो आहे हे त्यांनी बघितलं आणि हात खाली केले.

"बहीण सांगून गेली तुमची," ते म्हणाले. "दादा दुपारी झोपतो, तेवढा वेळ फुलावर सावली धरा म्हणाली. वितळलं तर त्याला वाईट वाटेल. आणि त्याला कळू देऊ नका म्हणाली. तेवढं मात्र मला जमलं नाही."

"तिला कळलं होतं?"

"अहो कवळीवाले, मला कुंपणावरून कळलं. त्या पाकळ्यांवर तुम्ही रेघा ओढल्यात ना, तश्शाच माझ्या हिरडीवर आहेत." आणि त्यांनी बोटानं ओठ वर करून दाखवल्या.

मी पायरीवर बसलो. त्या दिवशी ती का तशी बसली होती, ते आता उमगलं. डाव्या हातात छत्री धरून, स्वतः उन्हात. माझं खोटं वितळू नये म्हणून माझी बहीण अख्खी दुपार भाजत बसली होती आणि मी तिला विक्षिप्त म्हणालो. इथेच लिहून ठेवलं आहे, चार पानं मागे. मला रडू आलं. मास्तर स्टुलावरून उतरून आत गेले. भला माणूस आहे.

फोन केला.

"तुला कळलं होतं."

"कोण, मास्तर बोलले?"

"कधी कळलं?"

"फाटकातच. मेणाचा वास आला." हसली. "दादा, जन्म गेला माझा त्या वासात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू भांग पाडला होतास," ती म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घातला होतास आणि भांग पाडला होतास. माझ्यासाठी. घरी पाहुणी आल्यासारखा. माझ्यानं बोलवेना."

बाईसाहेबांबद्दल सांगायला लागलो, खोल कशी लावली, दुलई कशी घातली, रोपवाटिकेतली बाई काय म्हणाली. तिनं मध्येच थांबवलं.

"मी हिवाळ्यात येते म्हणत होते, तेव्हा का नको म्हणालास?"

"दाखवायला काही नव्हतं गं."

"मी कुठे काही दाखव म्हणत होते?"

आणि मग मी म्हणालो. वहीतसुद्धा सरळ लिहिलं नव्हतं ते म्हणालो. "मला इथे करमत नाही. तू गेल्यापासून मला अजिबात करमत नाही."

ती रडत असावी. नाक ओढल्याचा आवाज आला. "मग ये ना. किती वेळा सांगू?"

"शनिवारी येऊ?"

"अहो!" ती तिकडे ओरडली. "अहो, दादा येतोय शनिवारी!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि लांबून मेहुण्यांचा. "राहायला ना? विचार त्यांना, राहायला ना?"

"राहायला," मी म्हणालो.

१३ जून

जायची तयारी. रोपांना पाणी मास्तर घालणार आहेत. फूल काढून त्यांना दिलं, त्यांना चित्र काढायचं आहे म्हणाले. दोन शर्ट, टॉवेल, चष्मा, औषधं, सगळं पलंगावर मांडलं आणि बॅग शोधायला लागलो. माळ्यावर नाही, पलंगाखाली नाही, कपाटात नाही. असल्या गोष्टी कुठे असतात ते धाकटीलाच ठाऊक. शेवटी फोन केला.

"दादा," ती म्हणाली, "आपल्या घरात बॅग एकच होती. ती मी घेऊन आले."

मग भाजीच्या पिशवीतच कपडे भरले.